बजेट किती, साहेब?

कॉम्प्युटरच्या पार्टांच्या दुकानात जाऊन एकदा सांगून बघा, "माझं मशीन हल्ली गेममध्ये अडखळतं." कोणता गेम, नेमकं कुठे अडखळतं, मशीन किती जुनं, आत काय काय आहे, यातलं काही कुणी विचारणार नाही. काउंटरवरचा पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणेल, "बजेट किती, साहेब?" नाडीच्या आधी पाकीट चाचपणारा वैद्य आपण दुसऱ्या कुठल्या गल्लीत खपवून घेतला असता? इथे मात्र आपण निमूट आकडा सांगतो आणि वर "थोडं पुढेमागे चालेल" असंही म्हणतो.

हे लिहायचा अधिकार मी रोख पैसे मोजून मिळवला आहे. २०१४च्या दिवाळीत जुळवलेलं माझं मशीन अजून चालू आहे. इंटेलचा आय५-४४६०, एनव्हीडियाचं जीटीएक्स ७५० टीआय, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. शेवटच्या वस्तूचं नाव लक्षात ठेवा. ती पुढे माझा सूड घेणार आहे.

पहिली चूक २०१६ सालची. जीटीए फाइव्ह खेळताना गाडी वेगात आली की चित्र गचके खायचं. दुकानदार म्हणाला, रॅम डबल करा, मशीन उडेल. मी आठाची सोळा केली. मशीन उडालं नाही. लॉस सँटोसच्या ज्या वळणावर आधी गचका बसायचा, त्याच वळणावर तो इमानदारीत बसत राहिला. आठ जीबीच पूर्ण भरत नव्हती, तर सोळा घेऊन ती काय करणार? भरलेली होती ती ग्राफिक्स कार्डाची स्वतःची दोन जीबी मेमरी. ते बघायला एक फुकटचं सॉफ्टवेअर आणि पाच मिनिटं पुरली असती. मी पाच मिनिटं वाचवली आणि पैसे घालवले. रिकाम्या घरात आणखी एक खोली बांधून घेतली म्हणा ना.

दुसरी चूक जास्त महाग पडली. २०१८चा जानेवारी. जगभर लोक ग्राफिक्स कार्डांवर ईथर हे आभासी चलन खणत होते आणि आम्ही खेळणारे दुकानाबाहेर रेशनच्या रांगेत उभे होतो. जीटीएक्स १०६०चं सहा जीबीचं कार्ड २०१६च्या जुलैत २४९ डॉलरला आलं होतं. दीड वर्षानं जुनी वस्तू स्वस्त व्हावी, हा जगाचा नियम. मी ते कार्ड नव्याच्या भावापेक्षा जास्त देऊन आणलं आणि पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. घरी आल्यावर कळलं, कार्डाला सहा पिनांची वेगळी वायर लागते आणि माझ्या एसएमपीएसला ती नाहीच. दुकानात फोन केला. "काही प्रॉब्लेम नाही, साहेब," म्हणत त्यानं मोलेक्सची सहा पिन करणारी एक पिवळी-काळी वायर दिली. चाळीस रुपये. कार्ड बसलं, पंखे फिरले, गेम चालू झाला, आणि विसाव्या मिनिटाला मशीन धाडकन बंद.

पुढचे दोन महिने मी विंडोज तीनदा टाकलं, ड्रायव्हर बदलले, विजेला शिव्या घातल्या, कार्ड परत करायला गेलो तेव्हा "आमच्याकडे तर चालतंय" हे ऐकून आलो. शेवटी एका रविवारी एसएमपीएस बाहेर काढून त्याचा स्टिकर वाचला. ठळक अक्षरांत ४५० वॉट. खाली मुंगीच्या अक्षरांत, १२ व्होल्टच्या रांगेत, १४ अँपिअर. बारा चोक... नाही, बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट. चौथीतल्या पोराचा गुणाकार. प्रोसेसर ८४ वॉटचा. जुनं कार्ड ६० वॉटचं, म्हणून तीन वर्षं तो बिचारा १४४ वॉट कसाबसा ओढत होता. नवं कार्ड १२० वॉटचं. एकूण २०४, आणि ही दोघंही १२ व्होल्टवरच जगणारी. साडेचारशेचा तो आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडेटामधला पगार होता.

मशीनमध्ये आधी काय बदलायचं, या प्रश्नावर आपल्याकडे जे ज्ञान वाटलं जातं, ते सगळं दिसणाऱ्या वस्तूंबद्दलच असतं, ही माझी तक्रार आहे. पूर्वी कॅबिनेट पत्र्याचं असायचं. आत काय आहे ते फक्त धुळीला माहीत. आता त्याला काच आली, काचेमागे दिवे आले आणि पाहुण्यांना दाखवायला एक शोकेस मिळाली. पंख्यांना रंग, रॅमच्या पट्टीला रंग, प्रोसेसरच्या डोक्यावर छोटा टीव्ही. एसएमपीएस मात्र खालच्या झाकणाखाली, कुणाला न दिसणारा. म्हणून सगळी खरेदी झाल्यावर जे उरतं ते त्याच्या वाट्याला. हॉलला फॉल्स सीलिंग आणि गच्चीतून गळती, ही आपली जुनीच गृहसजावट आहे.

या शोकेसच्या धंद्याला 'गेमिंग' हा शब्द जोडला की खुर्चीपासून उंदरापर्यंत कशाचीही किंमत वाढते. आणि शब्दाचीच जादू जुन्या बाजारातही चालते. "आय-सेव्हन आहे, साहेब, सोळा जीबी." कितव्या पिढीचा, हे विचारलं की विकणाऱ्याचा चेहरा असा होतो, जणू आपण त्याच्या मुलीची जन्मपत्रिका मागितली. आय७-२६०० हासुद्धा आय-सेव्हनच, फक्त २०११ सालचा. कुठल्याशा ऑफिसातून निघालेल्या अशा डब्यांना दिव्यांचे पंखे लावून 'गेमिंग पीसी' म्हणून विकायचं आणि वर ईथरचं खाणकाम उरकून आलेलं कार्ड बसवायचं. २०२२च्या १५ सप्टेंबरला ईथरियमनं कार्डांवरचं खणणं बंद केलं, तेव्हा अशी शेकड्यांनी कार्डं रातोरात 'फक्त घरी वापरलेली' झाली. एवढ्यावरही भागत नाही. काही महाभाग जुन्या चिपमध्ये खोटं नाव भरतात. खिडकीत १०५० टीआय दिसतं आणि आत त्याचा पणजोबा बसलेला असतो. जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर अशी सोंगं बऱ्याचदा उघडी पाडतं. घेण्याआधी ते चालवून बघायला सांगा आणि समोरच्याचा चेहरा वाचा.

आता जरा ओट्यापाशी या, कारण गेमचं गणित स्वयंपाकघरात जितकं नीट कळतं तितकं कुठल्याही जाहिरातीत कळत नाही. प्रोसेसर पोळ्या लाटतो, ग्राफिक्स कार्ड भाजतं. प्रत्येक पोळी म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, एक फ्रेम. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर दर १६.७ मिलिसेकंदाला एक पोळी ताटात पडली पाहिजे. १४४ हव्या असतील तर ६.९ मिलिसेकंदांत. लाटणाऱ्याला दहा मिलिसेकंद लागतात आणि तव्यावर पंचवीस, तर ताटात पोळी पंचवीस मिलिसेकंदांनीच येणार, म्हणजे सेकंदाला चाळीस. आता लाटायला दुप्पट वेगाची बाई आणा, पाच मिलिसेकंदांत पोळी लाटणारी. ताटात किती? चाळीसच. तव्याशेजारी कच्च्या पोळ्यांची चळत तेवढी वाढेल.

म्हणून आधी काय बदलायचं, हे ठरवायला तवा थोडा हलका करून बघायचा. गेममध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. भाजायचं काम कमी झालं. फ्रेमचा आकडा सणसणून वर गेला तर तवा छोटा होता, कार्ड बदला. आकडा ढिम्म राहिला तर लाटणारा थकलेला आहे, नवं कार्ड आणूनही तो ढिम्मच राहील. एवढी सोपी परीक्षा. एक पैसा लागत नाही. म्हणूनच ती कुणी सांगत नाही. त्याऐवजी दोन नावं टाकली की "तुमचं बॉटलनेक १७ टक्के" असा निकाल देणारी यंत्रं निघाली आहेत. कोणता गेम, कोणतं रिझोल्यूशन, काही न विचारता. पोपटवाला निदान पिंजरा तरी घेऊन फिरतो.

टास्क मॅनेजरवरही भाबडेपणानं विसंबू नका. "प्रोसेसर तर चाळीस टक्केच चालतोय, म्हणजे तो निवांत आहे," हे मी शहाण्यासुरत्या माणसांकडून ऐकलं आहे. ओट्यापाशी सहा जणी उभ्या, एक घाम गाळत लाटतेय, बाकीच्या गप्पा मारताहेत. सरासरी काढा, स्वयंपाकघर निवांतच दिसेल. पाहायचं ते ग्राफिक्स कार्डाच्या वापराकडे. तो ९७-९९ टक्क्यांवर चिकटलेला असेल तर तवा तापलेला आहे. साठ-सत्तरवर लोळत असेल तर त्याला पोळ्या मिळत नाहीयेत.

हे सगळं मला साताऱ्याच्या भाच्याच्या मशीनवर पुन्हा तपासायला मिळालं. त्यानं व्हॉट्सॲपवर यादी पाठवली होती. दिव्यांचे सहा पंखे, पडदावाला लिक्विड कूलर, दिव्यांची रॅम, आणि शेवटी कंसात 'जमलं तर कार्ड'. खाली प्रश्न, "मामा, आधी काय घेऊ?" मशीन २०१८चं. रायझेन ५ २६००, बी४५० बोर्ड, १०५० टीआय कार्ड, आठ जीबीची एकच पट्टी. दाजींनी दीड वर्षापूर्वी हौसेनं त्याला १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन दिला होता. "एवढा महागाचा घेतला, तर म्हणे अजून अडकतंय," असं म्हणत दाजी माझ्याकडे असे बघत होते, जणू तो मॉनिटर मीच विकला.

मी खुर्चीत बसलो आणि डिस्प्लेचं सेटिंग उघडलं. रिफ्रेश रेट, साठ. दीड वर्षं तो पोरगा १४४चा मॉनिटर साठवर वापरत होता. एकशे चव्वेचाळीस निवडलं, ओके दाबलं. मग रॅम बघितली. पाकिटावर ३०००, चालत होती २१३३ वर, कारण बायॉसमधलं एक्सएमपी कुणी चालूच केलं नव्हतं. त्या पिढीच्या रायझेनमध्ये प्रोसेसरच्या आतले भाग एकमेकांशी ज्या गतीनं बोलतात, ती रॅमच्या गतीला बांधलेली असते. रॅम लंगडी तर प्रोसेसरही लंगडा. त्यात पट्टी एकच, म्हणजे दोन रस्त्यांपैकी एकावर कायमचं बॅरिकेड. मशीन जुळवून देणाऱ्यानं जाता जाता दोनदा कळ दाबली असती तर बरंच काही वाचलं असतं. पण कळ दाबण्याचं बिल करता येत नाही.

मग परीक्षा. व्हॅलरंट ७२० वर टाकला, आकडा जागचा हलला नाही. लाटणारा कमी पडत होता. जे कार्ड बदलण्यासाठी तो पैसे साठवत होता, ते बापडं तिथे लोळत होतं. मग त्याचा लाडका सायबरपंक लावला. तिथे कार्ड ९९ टक्क्यांवर धापा टाकत होतं आणि रिझोल्यूशन उतरवल्याबरोबर गेम पळायला लागला. एकच मशीन, दोन गेम, दोन उलटी उत्तरं. आता "आधी काय बदलू" याचं उत्तर काय? मी त्याला विचारलं, "रोज काय खेळतोस?" तो म्हणाला, "व्हॅलरंट. सायबरपंक सुट्टीत." म्हणजे रॅमची दुसरी पट्टी. कार्ड सुट्टीसाठी, सावकाश. पंखे कधीच नाहीत. तोंड पाडून बसला. दिवे नसलेली पट्टी मित्रांना दाखवायची कशी?

आणि नशीब बघा. रॅम ही वर्षानुवर्षं सगळ्यात स्वस्त दुरुस्ती होती, "काही नाही तर रॅम टाका" इतकी. नेमकी गरज पडली तेव्हा तिनेच भाव खाल्ला. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी म्हणून २०२५च्या अखेरीस भाव काही महिन्यांत दुपटीच्याही वर गेले. डिसेंबरात मायक्रॉननं क्रुशल या नावाखालचा ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. सेकंदात निबंध पाडणाऱ्या यंत्राच्या पोटात साताऱ्याच्या पोराची पट्टी गेली. शेवटी त्याच्या कॉलेजातल्या कुणाकडून जुनी डीडीआर४ची पट्टी मिळाली. माझ्या मशीनमध्ये चार पट्ट्या पडून होत्या, पण त्या डीडीआर३च्या. खाचच जुळत नाही.

खाचेवरून आठवलं. "प्रोसेसर बदला" हे वाक्य ऐकायला केवढं लहान आहे. इंटेलनं २०१७च्या जानेवारीत झेड२७० चिपसेट आणला, ऑक्टोबरात झेड३७०. सॉकेट दोन्हींचं तेच, पिना मोजून ११५१. तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालणार नाही, असं फर्मान. नऊ महिन्यांच्या बोर्डाला पेन्शन! एएमडीवाले फार साव आहेत असंही नाही. २०२०च्या मे महिन्यात त्यांनीही सांगितलं होतं, नवे झेन ३ प्रोसेसर बी४५० बोर्डावर चालणार नाहीत. ग्राहकांनी असा ओरडा केला की दोन आठवड्यांच्या आत शब्द फिरवला. त्या ओरड्याचं फळ म्हणून माझ्या भाच्याच्या २०१८च्या बोर्डावर आज बायॉस अपडेट करून रायझेन ५ ५६०० बसतो. अपडेट मात्र जुना प्रोसेसर काढायच्या आधी, आणि वीज जाणार नाही अशा वेळी. नाहीतर बोर्डाचा पेपरवेट होतो.

माझं तसं नाही. माझा प्रोसेसर बदलायचा म्हणजे बोर्ड, बोर्ड म्हणजे रॅम, रॅम म्हणजे वर सांगितलेला भाव. त्यात मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा पाठिंबा काढून घेतला, आणि विंडोज ११च्या यादीत इंटेलची आठव्या पिढीपासूनची मंडळी. माझा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह हिशेब, पत्रं, सिनेमा सगळं निमूट करतो. त्याला काही झालेलं नाही, त्याला फक्त वयाची अट लागली. अशा मशीनमध्ये एका विशिष्ट रकमेच्या वर टाकायचं नाही, हे मला उशिरा उमगलं. एसएसडी टाकली ती योग्य. डिस्कच्या सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबीच्या जागी पाचशेच्या आसपास मिळाले आणि मशीन पुन्हा माणसात आलं. त्यानं फ्रेम वाढत नाहीत, हेही कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. पण गेमांनाच आता डिस्क चालेनाशी झालीय. सायबरपंकनं २०२३च्या सप्टेंबरपासून एसएसडी ही किमान अटच केली. २०२१मध्ये प्रोसेसर शंभर अंशांवर जाऊन मुद्दाम मंद चालायला लागला, तेव्हा मी नव्या मशीनचं कोटेशन घेऊनही आलो होतो. आत बघितलं तर पंख्याखाली गादीतल्या कापसासारखी धूळ आणि पेस्टचा झालेला खडू. अडीचशे रुपयांची पेस्ट, एक जुना दाढीचा ब्रश. कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अजून वाणसामानाच्या याद्या लिहितो.

कार्ड घेतानाही बोर्डाचं वय विसरू नका, हे भाच्याला तीनदा सांगितलं. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी २०२२च्या जानेवारीत आलं. कमी बजेटवाल्यांसाठी म्हणजे जुन्या बोर्डवाल्यांसाठीच. आणि त्याला पीसीआय एक्स्प्रेसच्या फक्त चार लेन, मेमरी चार जीबी. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीच्या नव्या बोर्डावर ते निभावतं, तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर त्या चार लेनची गती निम्मी होते आणि मेमरी भरली की कार्ड गुदमरतं. गरिबासाठी केलेली चप्पल, जी फक्त श्रीमंताच्या फरशीवर टिकते. त्यापेक्षा आरएक्स ६६०० बरं, आठ जीबी, आठ लेन, १३२ वॉट. हे मी त्याला कागदावर लिहून दिलं. शेवटी अधोरेखित करून : 'आधी एसएमपीएसचा स्टिकर वाच.'

परवा रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे भिंतीवर लाल-निळा-हिरवा उजेड फिरत होता. म्हणजे पंखे आले होते. मी काही बोललो नाही. वय आहे.

"मामा, सहासष्टशे मिळालं! सेकंडहँड, तू सांगितलंस तेच. सायबरपंक काय पळतोय!"

"एसएमपीएस कोणता घेतलास?"

"तोच आहे की. साडेचारशेचा. आठ पिनांची वायर नव्हती त्याला, पण दुकानदार चांगला निघाला. त्यानं एक पिवळी वायर दिली. फुकट."

मी त्याला मशीन बंद करायला सांगितलं आणि स्वारगेटहून साताऱ्याची पहिली गाडी किती वाजता सुटते ते बघितलं.